कानाखालची हद्द

तोर्रेसेका गावाबाहेर, बदामाच्या झाडांमागे कासिल्दाची जमीन होती. कुंपणाच्या तारेला पाटी लटकत होती : ‘विकाऊ. घर बांधण्यास योग्य.’ बऱ्याच वर्षांनी आज दुपारी माद्रिदहून गिऱ्हाईक येणार होतं. जमीन गेली तरच कासिल्दाला समुद्रकाठी लेकीजवळ राहायला जाता येणार होतं. अडचण एकच. जमीन रस्त्याला भिडत नव्हती, आणि रस्त्यावाचून घराला परवानगी नाही. मध्ये बासिलियोकाकाची चिंचोळी पट्टी होती. काका मागच्या हिवाळ्यात वारला. मागे कुणी नाही.

“हद्दीचा दगड सरकवू. झालं!” धाकटा भाऊ एलादिओ म्हणाला.

“तो दगड रोवताना काकाने तुझ्याच कानाखाली वाजवली होती. विसरलास?”

“विसरेन कसा? प्रत्येक हद्दीपाशी एका पोराला खावीच लागायची, जन्मभर जागा लक्षात राहावी म्हणून. पण ताई, आता जागा माहीत असलेला मी एकटाच उरलोय ना?” तो हसला.

त्याने पहारीने दगड उपटला. खाली एकाच कौलाचे दोन तुकडे पुरलेले होते. तुकडे जुळले की हद्द खरी, अशी तिथली रीत. एलादिओने ते ओढ्यात भिरकावले आणि दगड नेऊन रस्त्याच्या कडेला रोवला.

कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला. एलादिओ गाल धरून गर्रकन वळला.

“ताई, वेड लागलं का तुला?”

कासिल्दा तर लांब झाडाखाली पाणी पीत होती. त्याच्या गालावर बोटं उमटली होती.

“गांधीलमाशी असेल,” ती म्हणाली. गांधीलमाशीला बोटं नसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तेवढ्यात गाडी आली.

गिऱ्हाईक सभ्य होतं, टोपी सावरत बोलणारं. “हद्द कुठवर?”

“या दगडापर्यंत.”

एलादिओची मान मागे फेकली गेली. ओठ फाटला.

“अहो, बरं नाही का तुम्हाला?”

“ऊन लागलं, साहेब. दगडापर्यंतच. पूर्वीपासून.”

या वेळी त्याचे पाय जमिनीवरून सुटले. तो आपटला, गुडघ्यांवर उठला, रक्ताबरोबर दात थुंकला. भोवती कुणी नव्हतं. फक्त काकाच्या स्वस्त तंबाखूचा वास आला.

“पूर्वी...”

पुन्हा तोच आवाज. कानातून रक्त आलं. तो उठला नाही.

गिऱ्हाईक पांढरंफटक पडलं. “बाई, तुम्ही सांगा. हद्द कुठे?”

कासिल्दाने तोंड उघडलं. तिला समुद्र आठवला.

गालाजवळ हवा हलली. तळहाताएवढी. थंड.

तिने जुन्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

फटका बसला नाही.

गाडी निघून गेली. एलादिओला न्यायला दवाखान्याची माणसं येईपर्यंत कासिल्दा एकटीच दगड परत आणत होती. खड्ड्यात कौलाचे दोन तुकडे होते, ओढ्याच्या पाण्याने ओले, सांधा दिसू नये इतके घट्ट जुळलेले. त्यांवर एलादिओचे दात ठेवले होते.

तिने त्यांवर दगड रोवला.

पाटी अजून तिथेच आहे. एलादिओ जगला, पण त्याला ऐकू येत नाही. कासिल्दा स्वयंपाकघरात लसूण सोलत बसते. दारं-खिडक्या बंद असतात, पान हलत नाही. तरी तिच्या गालापाशी ती थंड हवा थांबलेली असते. तो हात अजून खाली आलेला नाही.