पहिल्या हाकेला

पंचावन्न सालची गोष्ट. अंधेरीला परवान्याची कचेरी एका जुन्या बंगल्यात होती, आणि दहिसरच्या चाळीत राहणारा गुणाजी दुपारपासून तिथल्या बाकावर बसून होता. काम साधं होतं. पेडण्याला घरी जायचं, एवढंच. पण पेडणं पडलं पोर्तुगीजांच्या राज्यात. आईकडे जायलाही सरकारी कागद लागत होता.

छातीशी धरलेलं गाठोडं बघून शिपाई माणिकने विचारलं, "काय रे त्यात?"

"दादा," गुणाजी म्हणाला.

बोरीवलीच्या दगडखाणीत दरड कोसळून थोरला भाऊ दत्ताराम गेला होता. धाकट्याला बोट धरून मुंबईत आणणारा तो धिप्पाड माणूस आता एका मडक्यात मावला होता. आईला त्याचं तोंडही दिसलं नव्हतं. निदान अस्थी तरी तिच्या हातून तेरेखोल नदीच्या पाण्यात सोडायच्या होत्या. आणि उद्यापासून परवाने बंद होणार, अशी बाकावर कुजबुज होती.

"अस्थी आत नकोत, बाबा. अंगणातल्या चिंचेला बांधून ये," माणिक म्हणाला.

गुणाजीने बांधलं. परत आला तर खिडकीतले कारकून कागद चाळत होते.

"पोर्तुगीज प्रजा. म्हणजे तू परदेशी."

"मराठीच बोलतंय ना मी, साहेब?"

"भाषेला कोण विचारतंय? तुझा भाऊही परदेशीच."

"मेल्यावर पण?"

कारकुनांनी त्याचा कागद गठ्ठ्यातून वर काढून ठेवला. मग हळूच म्हणाले, "बस जरा. साहेब जायच्या आत सही घेतो. माणिक हाक मारेल. लक्ष ठेव, एकदाच मारतो तो."

उन्हं कलली. माणसं एकेक करून उठून गेली. ओल्या चुन्याचा आणि जुन्या कागदांचा वास व्हरांड्यात दाटून आला. मग दिवा फडफडला आणि गेलाच. चिंचेवरचे कावळे एकदम गप्प झाले.

त्या काळोखात आतून कुठूनतरी लांबट आवाज आला...

"गुणाजी..."

त्याचे ओठ उघडले आणि मिटले. लहानपणी तिन्हीसांजेला दत्ताराम कानाशी लागून सांगायचा, "पयल्या हाकेक ओ दिव नको, गुण्या. भुतांका एकदाच हाक मारूक येता. माणूस तीनदा मारता." शाळा दुसरीतच सुटली, पण हा धडा हाडात भिनला होता. जीभ टाळूला चिकटली ती सुटेचना.

"गैरहजर!" आत कुणीतरी म्हणालं. खिडकीची फळी करकरत खाली येऊ लागली.

वाट लागली. आता आई काठावर बसून राहणार.

तेवढ्यात अंगणातून, चिंचेकडून...

"गुण्या..."

खाणीच्या धुळीने बसलेला आवाज.

"गुण्या..."

झाडाचं पानही हलत नव्हतं.

"गुण्या रे..."

"ओ!" गुणाजी असा ओरडला की माणिक कंदील घेऊन धावत बाहेर आला.

"आहेस होय! मग मघाशी काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तुम्ही तीनदा..."

"मी? एकदाच मारली. चल, चल, फळी अडवून धरलीय कारकुनांनी."

कारकुनांनी कंदिलाच्या उजेडात शिक्का मारला. गुणाजी भडाभडा रडायला लागला, वाकून त्यांच्या पायाच पडला. ते ओशाळून म्हणाले, "अरे, ऊठ. भावाला नीट पोचव."

चिंचेखाली गाठोडं सोडताना त्याने त्यावर कपाळ टेकलं. मडकं कोमट होतं, दुपारच्या उन्हाने असेल. "तूच रे दादा... तूच बोलावलंस," तो पुटपुटला. एवढं निवांत त्याला त्या दिवसांत पहिल्यांदाच वाटलं. मेला तरी दादाने हात सोडला नव्हता.

फाटक ओलांडून तो रस्त्याला लागला. मागे कचेरी काळोखात बुडाली.

"गुण्या..."

दादाचाच आवाज. अगदी तोच, धुळीने बसलेला. मागून, चिंचेकडून.

आनंदाने वळायला गुणाजीने मान उचललीच होती. 'ओ' ओठांवर आली होती. दुसरी हाक येईना. येईचना...

आणि छातीशी धरलेल्या गाठोड्यातून, कानाशी लागून बोलावं तसं, कुणीतरी हळूच म्हणालं,

"ओ दिव नको, गुण्या."