उजव्या कानात

तो स्पीकर आधी बंद कर. बंद म्हणजे बंद, हळू नाही. हां. आता बस इथे, बहिणीलाही जागा दे. डीजे व्हायचंय ना तुला? मग ऐक. मध्येच मोबाईल काढलास तर गोष्ट तिथेच संपली.

माझा एक मित्र होता. म्हणजे, आहे अजून. त्याला आम्ही घड्याळ्या म्हणायचो, कारण त्याचा ठोका कधी चुकला नाही. शाळेत असल्यापासून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पडीक. दोन जुने टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकातलं गाणं दुसऱ्यात असं मिसळायचा की सांधा सापडायचा नाही. पुढे हाउस म्युझिकचं वेड लागलं. तेच ते, एकसारखे चार ठोके आणि त्यावर हळूहळू चढत जाणारे सूर. बाप म्हणाला, "याने काय पोट भरणार आहे?" पण पठ्ठ्याने भरलं. आधी हॉटेलात, मग जहाजावर, मग मोठमोठ्या क्लबांत. वीस वर्षं रात्रीचा दिवस केला त्याने.

त्याला घडवलं मास्तरांनी. बाजारामागच्या तळघरात एक क्लब होता, तिथे ते वाजवायचे. म्हातारपणी दोन्ही कानांनी ठार बहिरे झाले, तरी टेबलावर तळहात ठेवून ठोका ओळखायचे. दोघं जोडीने वाजवायचे, एक रेकॉर्ड मास्तरांची, एक याची. मास्तरांचा नियम एकच. समोरच्याची रेकॉर्ड संपत आली की आपली तयार पाहिजे. ती नुसती संपू देणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं. त्याच टेबलाशी मास्तर गेले.

मग घड्याळ्याचा उजवा कान गेला. साफ. डॉक्टर म्हणाले, धंदा सोडा, नाहीतर डावाही जाईल. त्याची मुलगी पाच वर्षांची, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. "दादा, मला हिचा आवाज ऐकायचाय, म्हातारा होईपर्यंत," म्हणाला. माझ्यापुढे ढसाढसा रडला, पण सोडलं.

मागच्या जानेवारीतला तिसरा शुक्रवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, उगाच डोळे मोठे करू नकोस. क्लब पाडायचा होता. स्पीकर, ॲम्प्लिफायर मी स्वतः काढून दुकानात आणले होते. घड्याळ्याची रेकॉर्डची पेटी तेवढी खाली राहिली होती. रात्री साडेदहाला तो ती आणायला निघाला. बायकोला म्हणाला, "अर्ध्या तासात आलोच."

तळघरात एकच दिवा लागत होता. टेबलावर दोन्ही प्लेअर तसेच. त्याला राहवलं नाही. एक रेकॉर्ड लावली, नुसती फिरताना बघायला. स्पीकर नसला तरी सुई बारीक किरकिरते, माहितीये ना? ते ऐकायला तो खाली वाकला.

आणि आवाज आला. भरगच्च. छातीत धडधडणारा.

त्याने डावा कान दाबला. आवाज तसाच. मग उजवा दाबला.

काही नाही.

उजव्या कानात वाजत होतं, पोरांनो. मेलेल्या कानात.

रेकॉर्ड संपत आली, तसा शेजारचा प्लेअर फिरायला लागला. आपोआप. त्यावर रेकॉर्डच नव्हती. तरी दुसरं गाणं आत आलं. आधी वरचे सूर, मग हलकेच खालचा ठोका. असं फक्त मास्तर आणायचे.

पळायला हवं होतं त्याने. पण मला म्हणाला, "दादा, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता."

मोबाईल वाजला. मुलगी होती. "बाबा, मी झोपलेच नाहीये."

"आलो गं राणी."

पण मास्तरांची रेकॉर्ड संपत आली होती. तशी कशी सोडायची? त्याने आपली लावली.

परत फोन. मुलीचा आवाज लांबून आल्यासारखा. त्याला वाटलं, तळघरात रेंज नसेल. मास्तरांचं गाणं. मग आपलं.

पुन्हा फोन. नुसती कुजबुज.

तेव्हा त्याला कळलं. दर रेकॉर्डमागे डावा कान...

काय म्हणालीस? निघाला का नाही? निघाला ना. पेटी उचलली. जिन्यावर पाय ठेवला. मागे मास्तरांची रेकॉर्ड संपत आली. शेवटचे ठोके...

तो थांबला.

"दादा, म्हटलं... एकच लावतो."

...

त्याच्या उशिराची बायकोला सवय होती. सकाळी मात्र तिने मला उठवलं. मी धावत खाली गेलो. तो टेबलाशी उभा होता. तळहात टेबलावर टेकलेला. मान डोलत होती. मी हाक मारली, ओरडलो. खांदा धरून हलवला, तेव्हा कुठे वळला. डोळ्यांना धार लागलेली आणि तोंडावर हसू.

आता पोरगी "बाबा, बाबा" करते आणि तो तिच्या ओठांकडे बघत राहतो. मला बघवत नाही, खरंच सांगतो.

गेल्या रविवारी गेलो होतो त्याच्याकडे. पोरगी त्याच्या मांडीवर, आपला कान त्याच्या उजव्या कानाला चिकटवून बसलेली. बोटाने त्याच्या खांद्यावर ठोके देत होती. मी विचारलं, "काय चाललंय गं?"

"ऐकतेय."

मी हसलो. ती उतरून खेळायला गेली. मग मी वाकलो...

नाही. थांब. तो स्पीकर अजून लावू नकोस.

बारीक होतं. पण होतं. चार ठोके. गाणं संपत आलं होतं... आणि त्याच्या खालून, हलकेच, दुसरं आत येत होतं.