माक्सचं गाऱ्हाणं

गोकुळदास पहिल्यांदा शालिनीच्या दारात आला तेव्हा त्याला चार डोळे होते. दोन त्याचे स्वतःचे, जरा घारे, जरा खोडकर. उरलेले दोन शर्टाच्या वरच्या बटणापाशी... काळेभोर, ओले आणि भीतीने पार विस्फारलेले.

पडवीत मशीनवर बसलेल्या शालिनीचा पाय पायट्यावरच थबकला. बाहेर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल धापा टाकत उभी होती. म्हणजे हरमलच्या स्टँडवरचा पायलट, मोटारसायकलवरून भाडी मारणारा. पण पायलट माणसं मागच्या सीटवर बसवतात, शर्टात नाही.

“शालिनी टेलर तुमीच मगे?”

“व्हय. पण... तुमच्या शर्टात काय असा?”

“तुमचो पावणो,” तो म्हणाला. “हेल्गाबायन धाडलो. ती गेली दाबोळीक, विमानाक. रडी होती बिचारी. म्हणाली, शालिनीनं सबद दिलेलो असा.”

शब्द दिला होता, हे खरं. हेल्गा ही हरमलला खोली घेऊन राहणारी जर्मन बाई, शालिनीकडून ढगळ विजारी शिवून घ्यायची. कायमची परत जायची वेळ आली तेव्हा शालिनीच्या गळ्यात पडून ती अशी काही रडली की शालिनीच्या तोंडून निघून गेलं, ‘कुत्रो मी सांभाळतंय.’ आईला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

गोकुळदासने बटणं सोडून ऐवज जमिनीवर ठेवला. जर्मन कुत्रा, नाव माक्स, आणि आकार सोललेल्या नारळाएवढा! माक्सने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे बघितलं आणि सुसाट घरात घुसून थेट आईच्या खाटेखाली गडप झाला.

“गे शाले!” आतून विमलाबाईंचा आवाज आला. “माझ्या खाटीखाली घूस गेली की काय गे?”

शालिनीने कपाळावर हात मारला. गोकुळदासला हसू आवरेना. आणि खरं सांगायचं तर त्याच्या त्या हसण्याचा शालिनीला भयंकर राग आला. इतका, की रात्री जेवताना तिला तेच हसू आठवत होतं.

माक्स काही बाहेर येईना. झाडूला भी, छत्रीला भी, कुकरच्या शिट्टीला भी. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की खाटेखालून असं काही कण्हणं यायचं की वाटावं, खाटच आजारी आहे. दुधात भिजवलेला उंडा, पोदेराकडचा गोल पाव, तसाच पडून राहायचा आणि मुंग्यांची मात्र चंगळ व्हायची.

“जर्मनीचो म्हटल्यार मी समाजलंय वाघ असतलो,” विमलाबाई म्हणाल्या. “हो तर पालीक भियता. ऐक शाले, चवथीक गणपती येतले, घर माणसांनी भरतला, फटाके वाजतले. तवसर हो नीट ऱ्हवलो तर ऱ्हवलो. नायतर तुझो मामा येवन घेवन जायत लाटंबार्शाक.”

लाटंबार्शाला मामाची काजूची बागायत होती आणि त्या बागायतीवर दोन कुत्रे होते. एकेक कुत्रा वासराएवढा. त्यांच्यापुढे माक्स म्हणजे एक घास.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकल पुन्हा दारात. “माक्साची ताटली द्यायची विसारलंय,” गोकुळदास म्हणाला. ताटली साधी अॅल्युमिनियमची होती आणि ती पोचवायला तो हरमलहून मांद्र्याला आला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. याने तर भांडं हातात घेऊनच लपवलं!

माक्स उपाशी आहे हे ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला.

“तुमी तेका हाक मारतात?”

“दिसभर मारतंय. खाटीखाली वाकान वाकान माझी कंबर गेली.”

“थंयच चुकता तुमचा. भियलेल्या जिवाकडे बघूचा नाय. तेच्याकडे पाठ करून भुंयर बसायचा. आणि बोलायचा... हळू हळू, दुसऱ्या कोणाकडे तरी. तेका कळाक व्हया की हंय माणसां बोलतत, मारनत नाय. मगे तो आपसूक येतलो.”

“दुसऱ्या कोणाकडे म्हणजे कोणाकडे?”

गोकुळदासने उंबऱ्यावर चपला काढल्या. “आता... मीच असंय,” तो अगदी नाइलाज असल्यासारखा म्हणाला.

तर अशी ती शिकवणी सुरू झाली. खाटेकडे पाठ करून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून दोघं जमिनीवर बसायची. मध्ये वीतभर अंतर. मागे उंड्याचा तुकडा. विमलाबाई लावणीला शेतात गेलेल्या असायच्या आणि जनेलाच्या गजांबाहेर पाऊस आपला रिपरिपत असायचा. एकमेकांकडे बघायचं नाही म्हटल्यावर बोलायला माणसाला किती सोपं जातं! तो सांगायचा, किरणपाणीच्या फेरीबोटीत एका गोऱ्याच्या दाढीत खेकडा कसा अडकला. ती सांगायची, एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तिने तिन्ही बाह्या डाव्या कशा लावल्या.

“तिन्ही?”

“एक खोलून फुडे परत लायली... ती पण डावीच!”

तो हसायचा, पण आवाज न करता. खांदे तेवढे हलायचे. वीतभर अंतरावरचे खांदे हलले की ते आपल्याला कळतात, हे शालिनीला त्या पावसात नव्याने समजलं. ‘तुमी’ जाऊन ‘तू’ कधी आलं, ते मात्र दोघांनाही समजलं नाही.

“गोकुळदास...”

“हूं?”

“हळू हळू म्हणजे किती हळू बोलायचा असता?”

“आता बोलतंस तितक्या,” तो म्हणाला. “बरा वाटता.”

“माक्साक?”

गोकुळदासने हात मागे नेऊन उंड्याचा तुकडा उगाच सरळ केला. “तेका पण,” तो म्हणाला.

आणि एके दिवशी दुपारी, पेडण्याला भाडं मिळाल्यामुळे गोकुळदास आला नव्हता तेव्हा, मशीन चालवता चालवता शालिनीच्या पावलावर काहीतरी ऊबदार टेकलं. तिने श्वास रोखून खाली बघितलं. माक्सने तिच्या पायावर हनुवटी ठेवली होती आणि पायट्याबरोबर त्याचं डोकं खालीवर, खालीवर होत होतं. डोळे मिटलेले. शालिनीच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. संध्याकाळपर्यंत त्याने उंडा खाल्ला, रिळाशी खेळला आणि कोंबडीवर भुंकून स्वतःच दचकला.

कधी एकदा गोकुळदासला सांगते असं तिला झालं. दुसऱ्या दिवशी लांबून मोटारसायकल वाजली. ती धावत दारापर्यंत गेली... आणि थांबली.

माक्स बरा झाला, तर हा कशाला येईल?

पुढे तिने जे केलं ते कुठल्याही शहाण्या मुलीने करू नये. तिने माक्सला उचललं, उंड्याचा तुकडा खाटेखाली टाकला आणि त्यामागे माक्सला ढकललं.

“काय, अजून भियता?” दारातून प्रश्न आला.

“भियता,” शालिनी म्हणाली. तिचे कान तापले होते.

“मगे उद्या येवक व्हया.” गोकुळदासने सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं, पण शालिनीला ते तेव्हा कुठलं कळायला!

रोज तेच. तो येण्याआधी माक्स अंगणात उंडारायचा. गंमत म्हणजे हल्ली गोकुळदासही वळणावरूनच हॉर्न वाजवत यायचा, अगदी दवंडी पिटल्यासारखा. मग माक्सची रवानगी खाटेखाली, दोघांची भिंतीकडे. ‘भियता?’ ‘भियता.’ उद्या सांगू, शालिनी मनाशी म्हणायची. उद्या नक्की सांगू. पण चवथ जवळ येत चालली होती आणि खोटं बोलावं तर कुत्रा जातो, खरं बोलावं तर माणूस जातो, अशा कात्रीत ती सापडली होती. कात्री टेलरचीच, पण या वेळी ती तिच्या हातात नव्हती.

शेवटी विमलाबाईंनीच निकाल लावला. “तुझ्या मामाक निरोप धाडलंय. आयताराक येतलो. पण तेच्याआधी राखणदाराक गाऱ्हाणां घालूया. वाड्यावरच्या शंभूमामाक सांगलंय. देवासमोर कुत्रो नीट ऱ्हवलो तर बरा, नायतर जावंदे लाटंबार्शाक. त्या गोकुळदासाक पण बलय. कुत्र्याक हाडतलो कोण?”

देवासमोर! आईशी खोटं बोलणं वेगळं आणि राखणदाराशी वेगळं. तो वाड्याचा, म्हणजे सगळ्या वस्तीचा देव; रात्री घोंगडी पांघरून, काठी आपटत वाड्यावर गस्त घालतो. त्याला काय दिसलं नसेल?

रविवारी सकाळी वाड्याबाहेरच्या राखणदाराच्या पेडापाशी, झाडाखालच्या चौथऱ्यापाशी, शेजारीपाजारी जमले. पावसाने उघडीप दिली होती, झाडं तेवढी ठिबकत होती. केळी, विड्या, नारळ आणि तांदळाच्या पिठाचा जाडजूड रोट मांडून शंभूमामा सज्ज होते. वाड्याची सगळी गाऱ्हाणी तेच घालायचे. आवाज असा की देव झोपला असला तरी उठून बसावा.

तेवढ्यात माक्सला घरून घेऊन मोटारसायकल आली. टाकीवर पुढचे पाय रोवून, छाती काढून, कान वाऱ्यावर सोडून माक्स उभा होता. वाटेत रेडा दिसला, त्याच्यावर तो भुंकला. रेडा बाजूला झाला.

“हो भियता?” शेजारच्या सुशीलाकाकींनी विचारलं.

शालिनी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. गोकुळदास हँडलचा आरसा पुसू लागला. आरसा स्वच्छच होता.

शंभूमामांनी हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! तू ह्या वाड्याचो राखणदार...”

“व्हय म्हाराजा!” सगळे गरजले. गाऱ्हाण्यात प्रत्येक मागण्याला हे म्हणायचंच असतं. सगळ्यांनी मिळून म्हटलं की ते मागणं सगळ्यांचं होतं आणि मग कोणाला मागे घेता येत नाही.

“आज तुझी लेकरां एका कुत्र्याचा भय घेवन तुझ्या पायाकडे इलीत...”

“व्हय म्हाराजा!”

“तो कुत्रो अन्न खाय नाय, बाहेर येय नाय, माणसांक...” शंभूमामा एकदम थांबले. कसला तरी मचमच आवाज येत होता. त्यांनी एक डोळा उघडला. माक्स त्यांच्याच पायावर बसून राखणदाराचा रोट खात होता. अर्धा संपला होता.

शालिनीनेही डोळा किलकिला करून ते बघितलं. आता संपलं... सगळंच संपलं.

शंभूमामांनी उघडलेला डोळा विमलाबाईंकडे वळवला. विमलाबाईंनी बारीकशी मान हलवली. डोळा पुन्हा मिटला आणि आवाज दुप्पट चढला.

“तर म्हाराजा, कुत्र्याच्या पोटात भय नाय, रोट असा, ह्या तुया दाखवलंस! म्हणजे भय दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात असा!”

“व्हय म्हाराजा!”

“एक झील पावसापाण्यात पेट्रोल जाळून रोज येता, आणि सबद बोलाक भियता! एक चेडू तेची वाट बघता, आणि खरा सांगाक भियता! तेंचा भय काढ, आणि तेंच्या मनात जा काय असा, ता घडवन हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या खेपेला एक आवाज सगळ्यांहून मोठा निघाला. कोवळा, खणखणीत, अगदी काळजातून आलेला. सगळ्यांनी डोळे उघडून शालिनीकडे बघितलं. शालिनीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण ‘व्हय’ तर निघून गेलं होतं.

गोकुळदास लालबुंद झाला होता. तो पुढे आला, शंभूमामांच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा... मी खोटां बोललंय. कुत्रो बरो झालेलो माका कधीच कळलेला. ही तेका खाटीखाली ढकली होती, ता जनेलातसून बघितलेलंय. म्हणूनच लांबसून हॉर्न मारी होतंय, हिका तेका लपवक वेळ गावाक व्हयो म्हणून.”

“आणि मगे येय होतंस कित्याक?” शालिनीच्या तोंडून निघून गेलं.

त्याने वळून तिच्याकडे बघितलं. “तू ‘भियता’ म्हणी होतंस म्हणून,” तो म्हणाला. मग देवाकडे तोंड करून, आवंढा गिळून, “म्हाराजा, माका ही आवडता. हिच्या आवशीक पसंत असात तर... पदरात घाल.”

या मागण्याला ‘व्हय’ म्हणायचा हक्क एकीचाच होता. सगळ्यांच्या माना विमलाबाईंकडे वळल्या. शालिनीला तर आईकडे बघायचाही धीर होईना.

विमलाबाईंनी पदर खोचला. “दोगांनी माका काय खुळी समाजलंसात? भियणारो कुत्रो रोज माझ्या उशीवर निजता? उशी केसांनी भरली माझी!” त्या जोडप्याकडे त्यांनी एकदा रागाने बघितलं, एकदा नुसतंच बघितलं. मग हात जोडून, हळू आवाजात, एकट्याच म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.”

सुशीलाकाकींनी डोळ्यांना पदर लावला. माक्सने उरलेला रोट संपवला आणि केळ्यांकडे मोर्चा वळवला.

“मामा इलो काय तेका काजी बघूक परत धाडतंय,” विमलाबाई पुढे म्हणाल्या. “पण गोकुळदास, एक ध्यानात धर. आता बोलणी होयसर तू घराकडे येवचा नाय. लोक काय म्हणतले? कुत्रो बरो असा, आता तुझा थंय काम काय?”

गोकुळदासचा चेहरा पार पडला. शालिनीने आईच्या दंडाला धरलं. तिचे डोळे अजून ओले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लबाड हलत होतं.

“पण आये...” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “तो परत भियलो तर?”