शेवटचा धैवत

परीक्षेचा दिवस म्हणजे सरांचा आवडता दिवस. विद्यापीठाच्या संगीत विभागात ते पंचवीस वर्षं स्वरलेखन शिकवत होते. प्रकार तसा साधा. सरांनी पायपेटीवर बारा स्वरओळी वाजवायच्या आणि पोरांनी त्या ऐकून कागदावर उतरवायच्या. एक स्वर चुकला की अख्ख्या ओळीला शून्य. नियम सरांचाच, आणि त्यात ते सख्ख्या भावालाही सूट देणारे नव्हते.

त्या दुपारी एकतीस पोरं बसली होती. परीक्षा आटोपली, पोरं पांगली. सरांनी आपल्या खोलीत चहा मागवला, लाल पेन उघडलं आणि पहिला पेपर पुढे ओढला. पहिली ओळ बरोबर होती, फक्त शेवटी एक कोमल धैवत जास्तीचा. तो सरांनी वाजवलाच नव्हता. दुसऱ्या ओळीतही तेच. "काय बावळट पोर आहे," असं पुटपुटत त्यांनी दुसरा पेपर घेतला. त्यातही धैवत. तिसऱ्यातही... चहा निवून गेला. एकतीस पेपर, बारा ओळी, प्रत्येकीच्या शेवटी तोच स्वर, आणि एकाही पोरानं तो खोडलेला नव्हता.

हा धैवत त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

तीन वर्षांपूर्वी एका मुलीनं अगदी असाच पेपर लिहिला होता. विभागातली सगळ्यात तयार कानाची मुलगी ती. सरांनी बाराही ओळींना शून्य दिलं. ती भांडली नाही, नुसतं म्हणाली, "सर, तो होता. मी ऐकला." सर वर्गासमोर म्हणाले, "आधी कान धुऊन ये." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. एवढ्यावर थांबले असते तर माणूस चुकला म्हणून सोडून देता आलं असतं. पण सर तेव्हा संशोधन करत होते, फार शिकलेला कान नसलेले स्वर ऐकू लागतो अशा विषयावर, आणि तिचा पेपर त्यांना पुरावा म्हणून आयताच सापडला होता.

निबंध छापायला जायचा होता त्याच आठवड्यात पेटीचे कारागीर आले. "साहेब, ही धैवताची पट्टी पुरती मिटतच नाही," ते म्हणाले. "तुम्ही हात उचललात तरी भात्यात उरलेली हवा इथून निसटते. बारीक वाजत असणार की! तुम्हाला कळलं कसं नाही?" त्यांनी स्प्रिंग बदलली. झिजलेली रीडही काढून नवी बसवली. जुनी म्हणजे बोटभर पितळेची पात. ओठांत धरून त्यांनी फुंकली, तर सूर निघाला. मग ती ओलसर रीड सरांच्या तळहातावर ठेवून ते निघून गेले. सरांनी ती कागदात गुंडाळली, वरून दोरा बांधला आणि टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं. कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. निबंध छापून आला आणि त्याच्या जोरावर ते विभागप्रमुख झाले.

मुलगी नापास होऊन घरी गेली. तिनं गाणं सोडलं, अन्न टाकलं. हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि संपलं सगळं. तिची प्रमाणपत्रं न्यायला वडील आले होते. जाताना ते दारात थांबले.

"सर, एकच विचारतो. तिचे कान खरंच बिघडले होते का हो? शेवटपर्यंत म्हणत होती, तो होता म्हणून."

सर खणाकडे न बघता म्हणाले, "हो."

त्या एका शब्दानं तेव्हापासून त्यांना धड झोपू दिलं नव्हतं.

आता ते धडपडत परीक्षेच्या खोलीत गेले. वाटेत गायन शिकवणाऱ्या बाई भेटल्या, त्यांना सोबत घेतलं. पेटीशी बसून एक ओळ वाजवली आणि हात उचलले. सरांना काहीच ऐकू आलं नाही.

"वाजतोय की," बाई हळूच म्हणाल्या. "कोमल धैवत. तुम्हाला नाही येत ऐकू?"

सरांनी झाकण उघडून धैवताची नवी रीडच उपसून काढली. पुन्हा तीच ओळ वाजवली.

"सर... अजून आहे." बाई मागे सरकल्या आणि मग तिथे थांबल्याच नाहीत.

सर आपल्या खोलीत परत आले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मुलीच्या वडिलांचा नंबर जुन्या अर्जावर होता. पलीकडून आवाज येताच सरांना रडू फुटलं.

"तुमच्या मुलीचे कान चांगले होते. माझी पेटी बिघडली होती. मला माहीत होतं हो. तुम्ही दारात उभे होतात ना, तेव्हाही माहीत होतं. उद्या लेखी देतो. निबंध मागे घेतो. तिचे गुण..."



"सांगितलंत ते बरं केलंत," वडील म्हणाले. मग विचारलं, "सर, पेटीवर कोण बसलंय?"

"कोणी नाही. पेटी तिकडे लांब आहे. मी इथे एकटाच..."

"मग हा सूर कोण धरून बसलंय? बारीक आहे... पण तुमच्या अगदी जवळ आहे."

सरांनी श्वास रोखला, कानात प्राण आणून ऐकलं. काही नाही. ज्याला त्याला ऐकू येणारा तो स्वर फक्त त्यांनाच ऐकू येत नव्हता. त्यांनी किल्ली शोधली आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच खण उघडला. पुडी होती तशीच होती, दोऱ्याची गाठही त्यांचीच. त्यांनी ती सोडली.

रीड ओली होती, आत्ताच कुणीतरी ओठांतून काढून ठेवल्यासारखी.