सातवं पेप्टाइड

तो मला पहिल्यांदा भेटला लिफ्टमध्ये. बर्फाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, त्यामुळे बटण दाबायची पंचाईत. कुठे जायचंय, असं मी विचारलं. त्याने माझ्या कोटावरचं विभागाचं नाव वाचलं आणि म्हणाला, "तुमच्याकडेच... बहुतेक."

डब्यात पेप्टाइडं होती — फ्लूच्या विषाणूमधल्या प्रथिनाचे छोटे तुकडे, कडीला कडी जोडून त्याने स्वतः बनवलेले. त्यातून लस होईल का, हे उंदरांना टोचून तपासायचं काम माझं. पुढे पेप्टाइडांच्या कुप्या पोचवायला शिपाई कधी आलाच नाही, तोच यायचा. आमच्या प्रमुख बाई चष्म्यावरून बघायच्या, आणि मी उगाच कामात बुडायची.

सहा पेप्टाइडं वाया गेली. सातव्याने कमाल केली. फ्लूची लागण होऊनही दहापैकी नऊ उंदीर तगले. बाईंनी शोधनिबंध लिहायलाही घेतला.

दुसऱ्याच दिवशी तो आला, चेहरा पांढराफटक. शंका आली म्हणून उरलेली कुपी त्याने पुन्हा तपासली होती. त्यात जिवाणूंचा अंश मिसळला होता. अशा अंशानेही शरीराची प्रतिकारशक्ती चाळवते, उंदीर कदाचित त्यामुळेच वाचले असतील. गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्याने बाईंसमोर जाऊन आपली चूक सांगितली. बाई नाही नाही ते बोलल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला... आणि दाराशी उभी असलेली मी, त्याच क्षणी त्याची झाले.

त्याने पेप्टाइड नव्याने बनवलं, शुद्ध. या वेळी कुप्यांवर नुसते आकडे. लस कशात, तुलनेसाठीचं नुसतं मीठपाणी कशात, ते एकट्या बाईंना ठाऊक. रोज सकाळी मी उंदरांची वजनं घ्यायची, तो वहीत उतरवायचा. मध्येच लिहायचं विसरून माझ्याकडे बघायचा.

तीन महिन्यांनी बाईंनी यादी उघडली. लस टोचलेल्या दहापैकी सहा जगले होते, मीठपाणी टोचलेल्यांपैकी फक्त एक.

"नवाचे सहा झाले," तो हळूच म्हणाला.

"पण हे सहा खरे आहेत."

त्याने वही मिटली. "आईला तुझ्याबद्दल सांगितलंय. ती विचारत होती, मुलगी काय म्हणते... मी म्हटलं, अजून — विचारलंच नाही."

"मग विचार की."

"विचारतोय."

मी रबरी हातमोजे काढून बाजूला ठेवले. त्याचा हात मला माझ्या हातात घ्यायचा होता.