माझ्या बाजूचे दोन बोल्ट

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. ज्या हातांनी लिहितोय, त्याच हातांनी ती घडवली. तेव्हा खरी की खोटी, हे मला विचारू नका.

ठिकाण मध्य जावा. सागाच्या जंगलातून जाणारी एकेरी लाईन आणि कालिसोगो नावाचं चिमुकलं स्टेशन. दिवस मंगळवार, आमच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला क्लिवोन. वेळ सकाळी सव्वासहाची.

लख्ख ऊन होतं. अंधारात दिसलं नाही, असं मला म्हणता येणार नाही.

मी वासिमिन. रूळ तपासायचं काम. खांद्याला पाना, हातात लांब दांड्याचा हातोडा, गळ्यात शिट्टी. रोज पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं. बोल्टवर हातोडा मारत चालायचं. घट्ट बोल्ट 'टण्ण' वाजतो. ढिला असला तर नुसतं 'खट्'.

माझी हद्द संपायची तिथे पलीकडून कांग तार्मुजी यायचे. कांग म्हणजे थोरला भाऊ. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, सव्वीस वर्षांची नोकरी, आणि एका कानाने जवळजवळ बहिरे. हद्दीच्या दगडापाशी आम्ही पितळी बिल्ले बदलायचो. त्यांचा एक्केचाळीस नंबर माझ्याकडे, माझा बेचाळीस त्यांच्याकडे. ते बिल्ले ऑफिसात दाखवले की ठरलं, दोघंही टोकापर्यंत चालले.

त्या दगडाच्या अगदी समोर रुळाचा सांधा होता.

सांधा म्हणजे काय, तर दोन रुळांची टोकं समोरासमोर आणायची, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावायच्या आणि आरपार चार बोल्ट आवळायचे. त्या पट्ट्यांना फिशप्लेट म्हणतात. चारांतले दोन बोल्ट कांगच्या रुळात होते, दोन माझ्या.

नियमाने चारही कुणीही आवळावेत. पण आमच्या लाईनीची रीत वेगळी. दुसऱ्याच्या बोल्टला हात लावायचा नाही. लावला, तर तू त्याला कामचुकार म्हटलंस. बापजाद्यांपासूनची रीत ती.

कांग दगडावर बसून केळीच्या पानातले सोयाबीनचे तळलेले तेम्पे माझ्यापुढे सरकवायचे.

"घे रे मिन. आजही उपाशीच आलेला दिसतोस. बायकोला आठवा लागलाय, आता स्वतः रांधायला शिक."

"शिकलो असतो तर लग्न कशाला केलं असतं, कांग?"

"थांब, हे सुतिनीच्या कानावर घालतो!"

"तुमच्या कानावर आलं, तेच पुष्कळ आहे."

मग इतके हसायचे की ठसका लागायचा. उठताना मात्र रोज तेच वाक्य.

"माझे दोन मी सांभाळतो. तुझे दोन तू सांभाळ."

त्या वर्षी वरून हुकूम आला. दोन हद्दी एक होणार. दोघांपैकी एकच राहणार. नोकरी गेली की क्वार्टर जाणार, दवाखान्याचं कार्ड जाणार. सुतिनीचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हे बाळंतपण घरी करायचं नाही.

मला ते कार्ड हवं होतं. एवढंच.

कोण राहणार ते ठरवायला सोमवारी तपासणी होती. रविवारी सकाळी कांगनी त्यांचे दोन माझ्यादेखत आवळले. दुपारी सगळे जेवून पडले असताना मी परत गेलो.

पाना लावला.

दोन फेरे उलटे… दोन्ही बोल्ट.

माझे दोन आधी नीट आवळून घेतले, हेही सांगतो. गाडीला अपघात होऊ नये म्हणून. एवढा मी सज्जन.

सोमवारी सेक्शनचे साहेब पाक हर्तोयो हातोडा घेऊन आले. माझे दोन वाजले, टण्ण, टण्ण. कांगचे दोन…

खट्.

खट्.

"तार्मुजी, हे काय?"

"साहेब, कालच आवळलेत. हा मिन इथेच उभा होता. सांग रे, मिन."

सगळी गँग माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "मी काही बघितलं नाही."

कांगना वाटलं, मी चेष्टा करतोय. ते हसले. माझ्या दंडाला कोपर मारून म्हणाले, "अरे, पुरे आता. साहेबांना खरं वाटेल ना!"

मी नजर रुळावर ठेवली. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. गँगमधला कुणीतरी मागून म्हणाला, "म्हाताऱ्या, आता कानाबरोबर हातही गेले वाटतं!" सगळे हसले.

मीही हसलो.

त्यांचा बिल्ला तिथेच काढून घेतला.

गुरुवारी दवाखान्यात मला मुलगी झाली. रुमिनी. तिला पहिली अंघोळ कुणी घातली, माहीत आहे? कांगच्या बायकोने, यू साकिनेमने. बोलावलं नव्हतं, तरी आली. म्हणाली, "त्यांनीच पाठवलंय. मिनच्या घरी बाईमाणूस नाही म्हणाले."

नोकरी गेली तरी कांग रोज सकाळी त्या दगडावर येऊन बसायचे. पाना नाही, हातोडा नाही. पुढच्या सोमवारी मला म्हणाले, "उद्या दुपारी मोठे साहेब येतायत. मी कुराण डोक्यावर धरून शपथ घेणार. तूही घे. त्या दिवशी घाबरलास तू, मला कळतं रे. पण तू खोटं बोलणारा पोर नाहीस."

दुसरा दिवस तो मंगळवार.

मी वळणावरून आलो तेव्हा कांग रुळावर वाकून बसले होते. आपल्या दोन नटांवरून बोटं फिरवत होते. त्यांच्या पाठीमागून गाडी येत होती. चांगला कान माझ्या बाजूला, बहिरा गाडीकडे.

मी शिट्टी ओठांत धरली…

आणि थांबलो.

किती थांबलो? तीन श्वास. मी मोजलेत. त्यानंतर रोज मोजतोय.

चौथ्याला फुंकली.

ती मात्र त्यांना ऐकू गेली. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'आलास का?' असं म्हणावं, तसे हसले.

मग गाडी गेली.

सातव्या दिवशी त्यांच्या घरी कुराणपठण झालं. निघताना रीतीप्रमाणे प्रत्येकाला भाताची पुडी दिली. माझी पुडी यू साकिनेमने वेगळी ठेवली होती.

घरी येऊन सागाचं पान उलगडलं. भातात हात घातला… बोटांना काहीतरी गार लागलं.

पितळी बिल्ला. एक्केचाळीस.

तसाच ऑफिसात पळालो. पाक हर्तोयोंनी खण उघडून दाखवला. एक्केचाळीस नंबर तिथेच होता, वर धूळ साचलेली.

"मग हा काय?" म्हणत मी मूठ उघडली.

मुठीत चार शितं होती.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही हद्दी माझ्या झाल्या. पलीकडून येणारं आता कुणी नव्हतं. मी बोल्ट वाजवत निघालो. टण्ण. टण्ण.

वळणापलीकडून उत्तर आलं.

…टण्ण.

मी थांबलो. तेही थांबलं.

सांध्यापाशी पोचलो. दगडावर कुणी नव्हतं. कांगचे दोन बोल्ट वाजवले. असे घट्ट, की पाना तसूभर हलेना. मग माझे दोन वाजवले.

खट्.

खट्.

आदल्या दिवशी मी स्वतः आवळलेले. पाना लावून मोजलं. दोन फेरे ढिले होते.

आवळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन फेरे ढिले. तिसऱ्या दिवशीही. कमी नाही, जास्त नाही.

आमचे कियाई, म्हणजे गावचे धर्मगुरू, प्रवचन गाऊन सांगतात. त्यांनी सूर लावला की आख्खं गाव डुलतं, आणि मी सर्वांत पुढे बसणारा. एकदा प्रवचन संपल्यावर त्यांचे पाय धरून सगळं सांगितलं. वाटलं, काहीतरी उतारा देतील. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग अगदी हळू आवाजात, गात नव्हे, साध्या बोलीत म्हणाले,

"देवाचा गुन्हा असेल तर देव माफ करतो, बाळा. माणसाचा असेल तर आधी त्या माणसाकडून माफी आणावी लागते."

"पण कांग तर…"

"हो," ते म्हणाले. "म्हणून तर मी गप्प बसलो होतो."

रुमिनी पाच वर्षांची असताना मला ताप भरला. बदली माणूस माझ्या जागी गेला; सांध्याचे बोल्ट ढिले होतात, नीट बघ, असं त्याला बजावलं होतं. संध्याकाळी येऊन म्हणाला, "काय वासिमिन, उगाच रडगाणं! चारही बोल्ट घट्ट होते."

दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत गेलो.

माझे दोन नट बोल्टवर नव्हतेच. रुळाखालच्या स्लीपरवर होते. एकाशेजारी एक, पुसून ठेवल्यासारखे.

तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. आई गेली त्या दिवशी मयतीआधी सांधा. सुतिनी गेली त्या दिवशीही. लोक म्हणाले, माणूस आहे की लोखंड! म्हणू देत. कारण रुमिनी मोठी झाली, शहरात शिवणकामाला लागली, आणि रोज सव्वासहाच्या गाडीने जाऊ लागली. त्याच सांध्यावरून.

मी रोज पहाटे जाऊन दोन फेरे आवळायचो, मग बाजूला उभा राहायचो. गाडी यायची. खिडकीतून ती हात हलवायची. "बापाक, टोपी घाला डोक्यावर!"

मी हात हलवायचो. मागे दगडावर कुणीतरी ठसका लागेपर्यंत हसायचं…

मी मागे वळून बघायचो नाही.

हे बोल्ट आवळणं एकूण तेवीस वर्षं चाललं. मग लाईनीवर नवे रूळ आले. लांबच लांब, टोकं वितळवून एकजीव केलेले. सांधा नाही, फिशप्लेट नाही, बोल्ट नाही. गँगने जुना सांधा उचकटला. माझे दोन बोल्ट सहज निघाले. कांगचे दोन निघेनात, गॅसने कापावे लागले. कापताना त्यांचा जो आवाज झाला, तो मी लिहिणार नाही.

मी तिथेच खडीवर गुडघे टेकून रडलो. देवाचे आभार मानले. सुटलो, म्हटलं. त्या वर्षी निवृत्तही झालो.

आता रुमिनीकडे राहतो. तिला मुलगी झाली, आता नऊ महिन्यांची आहे. जावयाने तिच्यासाठी उंच कठड्यांची लोखंडी खाट आणली. डोक्याकडचा कठडा चार बोल्टांवर उभा आहे. दोन भिंतीकडे, दोन माझ्या अंथरुणाकडे.

खाट आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला नातीने झोपेत कूस बदलली.

खट्.

मी उठलो. माझ्या बाजूच्या बोल्टांना हात लावला. पाना आणला, मोजलं.

दोन फेरे… दोन्ही.

खाट बदलली. नव्या खाटेलाही तेच. खाली चटईवर झोपवलं, तर वरच्या पंख्याचे बोल्ट. म्हणून परत खाटच ठेवली आहे. निदान हात तरी पोचतो.

रुमिनी चिडते. "बापाक, रोज उठून काय तो पाना फिरवता! लेकीची झोप मोडते माझ्या."

तिला काय सांगू? तिच्या जन्मासाठी कुणाचं काय घेतलं, ते? तिला पहिलं पाणी घालणारे हात कुणाचे होते, ते?

भिंतीकडच्या दोन बोल्टांना मी कधी हात लावलेला नाही. ते ढिले होणार नाहीत. ते माझे नाहीत.

माझं वय आता साठीच्या पुढे आहे. आज सकाळी नटावर पकड बसेना. पाना दोनदा सटकला. तिसऱ्यांदा बसला, पण पूर्ण दोन फेरे झाले की नाही, मला नक्की सांगता येत नाही.

नात हसत होती. माझ्याकडे बघून नाही…

भिंतीकडे बघून.