ड्रायव्हरच्या बाजूचं दार

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायचं नाही.

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. स्मशान नाही, अमावस्या नाही. सोलापूरचा मे महिना आणि भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नसतं अशी दुपार.

मी धम्मप्रिया. दवाखान्यात नर्स आहे. त्या महिन्यात मला रात्रपाळी होती, म्हणून दुपारी घरी झोपलेली असायची.

आमचे आबा, सिद्राम, एका चादर कारखान्याच्या मालकाकडे ड्रायव्हर होते. आयुष्यभर एकच गाडी चालवली. जुनी, गोल नाकाची पिकअप. खाली मरून, वर क्रीम. रंग मालकाच्या पसंतीचा. आबा आम्हाला म्हणायचे, "आपली असती तर निळी केली असती. टप पांढरा."

मालक मेला. मग आबा गेले. गाडी कारखान्याच्या आवारात गंजत पडली होती. ती भंगारात निघाली तेव्हा माझ्या भावानं, संघपालनं, घेतली. त्याचं गॅरेज आहे. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर तो त्या गाडीच्या मागं लागला होता. बायको म्हणायची, माझ्याशी कशाला लग्न केलं, हिच्याशीच करायचं.

इंजिन सुरू झालं. राहिला रंग.

वळसंगचा निंगप्पा पेंटर रंगांच्या नमुन्यांचं कार्ड घेऊन आला. त्यात निळेच दहा-बारा.

"आकाशी नको, पाण्याच्या टँकरसारखी दिसेल," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलं?" संघा म्हणाला. "गडद निळा. आपल्या झेंड्याचा असतो तो."

आई, मीनाबाई, उंबऱ्यात बसून ऐकत होती.

"मरूनच ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली.

"आई, डोकं ठिकाणावर आहे का? त्या माणसाचा रंग आपण आपल्या पैशानं मारायचा?"

आई उठून आत गेली.

त्याच आठवड्यात मालकाचा नातू आला. अजिंक्य. त्याला नव्या हॉटेलसमोर ती गाडी उभी करायची होती.

"ओरिजिनल रंगात करा, मी घेतो. आमच्या आजोबांची गाडी आहे ती."

"होती," संघा म्हणाला.

तो हसला आणि निघून गेला.

निंगप्पानं जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढला. मी स्वतः बघितलं, नुसता उघडा पत्रा होता. मग खड्डे बुजवायची लांबी, मग प्रायमर, मग निळा. काय दिसत होती गाडी! संघा तिच्याभोवती फिरत होता आणि डोळे पुसत होता. मला म्हणाला, थिनर डोळ्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. पंखा थांबला. मला जाग आली.

बाहेरून आवाज येत होता...

खर्र... खर्र... खर्र...

पॉलिश पेपरनं पत्रा घासल्याचा. मला वाटलं, निंगप्पा काम करतोय. मग आठवलं, उन्हात रंगाला फोड येतात म्हणून तो दुपारी काम करतच नाही.

मी शेडमध्ये गेले. आवाज बंद.

कुणी नव्हतं.

पण ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावरचा निळा रंग वीतभर गेला होता. खाली पत्रा दिसायला हवा होता. प्रायमर तरी.

खाली मरून होता...

संध्याकाळी निंगप्पा दारासमोर बसून राहिला. "अक्का, मी पत्र्यापर्यंत काढलं होतं की," एवढंच परत परत म्हणत होता.

संघाचं डोकं फिरलं. त्यानं अजिंक्यला फोन लावून तोंडाला येईल ते सुनावलं. तो म्हणाला, मी पुण्यात आहे, काय बोलताय तुम्ही? मागं पुण्याच्या स्टँडवरची बोंबाबोंब ऐकू येत होती.

दार परत रंगवलं. शेडला कुलूप लावलं. चावी संघाच्या खिशात.

दुपारी परत...

खर्र... खर्र...

या वेळी अर्धं दार मरून झालं. कुलूप जसंच्या तसं.

"म्हातारा आहे तो," संघा म्हणाला. "मेला तरी मालकी सुटत नाही त्याची. मीही बघतो. वर्षभर रंगवीन."

मलाही तेच वाटलं, आणि भीतीपेक्षा संताप जास्त आला. आयुष्यभर माझ्या बापाला 'ए सिद्राम' म्हणून हाका मारल्या, आता मेल्यावरही आमच्या दारात?

तिसऱ्यांदा रंग मारला. त्या दुपारी मी झोपलेच नाही. संघाकडून चावी घेऊन शेडमध्ये स्टूल टाकून बसले.

बराच वेळ काही नाही. मग बाहेरचं कावळ्यांचं ओरडणं थांबलं. शेजारच्या कुकरची शिट्टी अर्धवट वाजून बंद झाली...

आणि माझ्या डोळ्यांसमोर दारावरून निळी भुकटी गळायला लागली. पिठासारखी, खाली जमिनीवर. घासणारं कुणी दिसत नव्हतं.

खर्र... खर्र...

मी उभी राहिले. जेवढा जोर होता तेवढ्या जोरात ओरडले.

"मालक! बास झालं आता!"

आवाज थांबला.

मग कुणीतरी खोकलं.

दोनदा, बारीक... आणि घसा खाकरला.

तो खोकला मला माहीत होता. शेवटचे सहा महिने त्या खोकल्याशेजारी मी रात्री काढल्या होत्या.

"व्हय मालक..." आवाज दाराजवळून आला. "झालंच... झालंच, मालक."

आणि परत घासणं सुरू झालं. आधीपेक्षा भरभर.

मी घरात कशी आले, मला आठवत नाही. आईला सांगितलं. ती घाबरली नाही. तिनं पदर तोंडाला लावला. संघा आला तेव्हा बोलली.

"तुमी ल्हान हुता. जयंतीच्या आदल्या दिशी त्यांनी त्या दारावर निळी पट्टी वढली हुती. हौस म्हणून. मालकानं बगितली. दुपारच्याला सगळे कामगार जेवाय बसले, तवा त्यांच्या म्होरं घासाय लावली. पट्टी गेली, तरी थांब म्हनला न्हाय. उनात घासत ऱ्हायले. हाताची सालटी निगाली. घरी येऊन तुमास्नी म्हनले, पडलो."

"आम्हाला का नाही सांगितलंस?" संघानं विचारलं.

"पोरास्नी सांगू नको म्हनले. लई लाज वाटली त्यास्नी."

संघा भिंतीला टेकून खाली बसला.

"मग तर निळीच राहणार," तो म्हणाला.

"तू निळी करशील," आई म्हणाली, "आन् त्ये घासत बसतील. मेल्यावर तरी हाताला सुट्टी दे की रं त्यांच्या."

तो रडला. मीही रडले. निळं ठेवलं तर आबांचे हात सुटत नाहीत. मरून केलं तर तो म्हातारा जिंकतो.

शेवटी आईच उठली. मरूनचा डबा आणायला लावला आणि ते एक दार तिनं स्वतः रंगवलं. संघा पाठ करून उभा होता.

त्या दिवसापासून आवाज बंद झाला.

गाडी आता सगळी निळी आहे, टप पांढरा, आणि एक दार मरून. लोक विचारतात. संघा सांगतो, रंग संपला. आई म्हणते, आबा शांत झाले. मलाही तसंच वाटत होतं, गेल्या रविवारपर्यंत.

रविवारी दुपारी अजिंक्य आला. संघा घरी नव्हता. गाडी शेडबाहेर उभी होती. त्यानं मरून दाराकडं बघितलं.

"एका दाराला तरी ठेवलात आजोबांचा रंग. बरं केलंत."

मी काही बोलणार, तेवढ्यात...

ते दार उघडलं. हळूच. परत लागलं.

मग गाडीच्या पुढून, वाळूवर, चपला घासत गेल्याचा आवाज...

आणि पलीकडचं डावं दार उघडलं. मालक बसायचा त्या बाजूचं. पुरतं उघडलं आणि तसंच धरल्यासारखं राहिलं.

"लॉक ढिलं आहे तुमचं," अजिंक्य म्हणाला आणि गेला.

"आबा," मी म्हणाले, "सोडा ते दार. गाडी आपली आहे."

मी ओढून बघितलं. हललं नाही.

अजिंक्य रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा ते लागलं.